माझ्या वतीने दिलेलं उत्तर

सोमवार, १६ जून
कटिंग विभागाच्या हेड मास्टरची जागा त्याला! माझ्या नवऱ्याला!
एकाच दिवशी या शर्टांच्या कारखान्यात लागलो आम्ही. एकच टेबल, एकच पगार, दोघंही पॅटर्न, म्हणजे शर्टाचे कागदी साचे, कापणारे. मुलगी झाली आणि माझी पगारवाढ थांबली, त्याची मात्र दुप्पट झाली. तेव्हा साहेब म्हणाले होते, "बाप झालाय तो, जबाबदारी वाढली." आणि मी कोण — शेजारीण?

मंगळवार, १७ जून
त्याने सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यायले. मनापासून नाही.

गुरुवार, १९ जून
इस्त्रीवाल्या मावशींनी आज बाजूला घेतलं. "अगं, साहेब तुलाच करणार होते. त्याला विचारलं, बायकोला झेपेल का? तर म्हणाला, नाही झेपणार, तिचं सगळं लक्ष लेकीत असतं."
मी म्हटलं, चेष्टा करताय. त्या हसल्या नाहीत.

शुक्रवार, २० जून
विचारलंच. आधी "कोण म्हणालं?" मग "तुझ्या काळजीनेच बोललो गं." आणि शेवटी — "पैसा एकाच घरात येतो ना!"
केसाने गळा कापला माझा. तोही घरच्याच माणसाने! परक्याने कापला असता तर निदान भांडून मोकळी झाले असते.
इतक्या वर्षांत माझ्या एकाही पॅटर्नमध्ये खोट निघाली नाही. त्याच्यातही निघाली नाही, कारण लग्न झाल्यापासून दर रविवारी जेवणाच्या टेबलावर त्याचे सगळे पॅटर्न मीच तपासते. बाही जोडायचा मुंढा कुठे कमी, बाही कुठे जास्त. साहेबांना याचा पत्ता नाही. मीच लागू दिला नाही. म्हटलं, नवरा आहे, चारचौघांत त्याला कशाला मान खाली घालायला लावा. मूर्ख मी!

शनिवार, २१ जून
अबोला. लेक मधे बसून बडबडत होती, तेवढाच घरात आवाज.

रविवार, २२ जून
हेड मास्टरांचा पहिला पॅटर्न आमच्या टेबलावर. उद्या सकाळी यावर हजार शर्ट कापायचे आहेत. "जरा नजर टाक ना," म्हणाला, जणू काही झालंच नाही.
मुंढा पाऊण इंच कमी. दारातूनच दिसला.
"मला नाही झेपणार," मी म्हटलं. "माझं सगळं लक्ष लेकीत असतं."
तिला कडेवर घेतलं आणि बागेत गेले.