बाबांचं ‘हो’

तीर्थरूप बाबा,

पाया पडतो. मी मजेत आहे. खोली उबदार आहे आणि भात आता करपत नाही. आईचा खोकला थांबला का?

पत्र लिहितोय, कारण फोनवर बोलायला तोंड उरलं नाही.

आमच्या कंपनीच्या कानाच्या नव्या मशीनच्या चाचणीसाठी काल एक आजोबा आले होते, निवृत्त बसड्रायव्हर. मशीन त्यांच्या कानात बसवून मी विचारलं, “आवाज येतोय ना?” माझे ओठ हलताना बघून ते म्हणाले, “हो, हो.” बघतो तर मशीन मी चालूच केलं नव्हतं! चालू करून विचारलं, “आजोबा, मग हो का म्हणालात?”

ते ओशाळं हसले. “दोनदा ‘काय?’ म्हटलं की मुलगा वैतागतो. हो म्हटलं की भागतं.”

मला मान वर करवेना. रविवारी मी तुमच्यावर कसा खेकसलो! “अहो, हो काय? डॉक्टरकडे कधी गेला होतात, ते विचारतोय! द्या आईकडे फोन.” तुम्ही मुकाट्यानं दिलात. लोकांच्या कानांसाठी दिवसभर राबतो मी, आणि घरी दिव्याखाली अंधार.

रजा मंजूर झाली आहे. पुढच्या महिन्यात येऊन तुमचं मशीन मीच बसवीन. तोवर खुशाल दहादा ‘काय?’ म्हणा, मी सांगेन.

आणि एक खरं सांगा. इतक्या लांबची नोकरी घेऊ का, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही लगेच ‘हो’ म्हणालात. बाबा, तेव्हा तुम्हाला ऐकू आलं होतं ना?

तुमच्यासमोर मान खाली घालून,
तुमचा धाकटा