मी जर्मन का घेतलं

बोरिवली,
रविवार, २२ जून

ती. पप्पांना श्रुतिकाचा नमस्कार.

तुम्ही बरे असाल. आम्ही दोघीही ठीक आहोत. आईची बदली गोरेगावच्या लॅबमध्ये झालीय. ती सकाळी लवकर निघते आणि मी शाळेतून येते तेव्हा घरी कोणी नसतं. नंदूकाका मागच्या आठवड्यात येऊन गेले. गुडघा दुखतो म्हणत होते, पण लिफ्ट बंद होती तरी जिने चढून आले. तुमच्या जर्मनीतल्या घरचा पत्ता मी त्यांच्याकडूनच घेतला. कशाला हवाय, ते त्यांनी विचारलं नाही.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. मेसेज टाकला असता तर तुम्ही लगेच फोन केला असता, आणि फोनवर मी नुसतं हो-हो करते.

मी नववीत गेले. आमच्या शाळेत आठवीला संस्कृत किंवा जर्मन घ्यावं लागतं. जवळजवळ सगळे संस्कृतच घेतात, कारण त्यात मार्क मिळतात. आईचंही तेच म्हणणं होतं. अपूर्वा आणि मी पहिलीपासून एका बाकावर, तीही संस्कृतला गेली. मी जर्मन घेतलं. का, असं सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं, ऐकायला छान वाटतं म्हणून.

भाषा बदलली की तुकडी बदलते, हे मला आधी कळलं नव्हतं. जर्मनची मुलं मोजकीच आहेत. सगळ्यांचं पुढे परदेशात जायचं ठरलंय, कांदिवलीला एकाच क्लासला जातात आणि आपापसात इंग्लिश बोलतात. वाईट नाहीत ती. पण मधल्या सुट्टीत ती एकत्र खाली जातात आणि मी वर्गातच डबा खाते. अपूर्वा जिन्यात दिसली की हात करते. भांडण वगैरे काही नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

दुपारी घरी मी धडे मोठ्याने वाचते. ऐकायला कोणी नसतं, त्यामुळे चुकलं तरी चालतं. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, एवढा वेळ फोनवर कोणाशी बोलतेस गं? मी म्हटलं, मैत्रिणीशी.

खरं कारण योनास होता. नंदूकाकांनी मला त्याचे फोटो दाखवले होते. त्याच्या कपाळावर माझ्यासारखाच भोवरा आहे. काकांनी तुम्हाला विचारलं होतं की पोराला थोडं मराठी येतं का, तर तुम्ही म्हणालात, नाही रे, त्याला फक्त जर्मन येतं. ते ऐकून मला वाटलं, मग मीच शिकते. मला दुसरा भाऊ-बहीण नाही. त्यालाही नाही.

तुम्हाला मुद्दामच सांगितलं नाही. माझ्या वाढदिवसाला तुमचा व्हिडिओ कॉल येणार हे माहीत होतं. तेव्हा एकदम जर्मनमध्ये बोलायचं, असं मी ठरवलं होतं. जर्मनच्या किरण मॅडमकडून वाक्यं तपासून घेतली होती. शेवटचं वाक्य होतं, मला योनासला भेटायला आवडेल.

तुमचा कॉल आला. तुम्ही हॅपी बर्थडे म्हणालात, उंच झालीस म्हणालात. मी सुरुवात करणार, तेवढ्यात तो पळत आला आणि तुमच्या खांद्यावरून फोनमध्ये बघायला लागला. मी पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला. त्याने विचारलं, "पापा, वेअर इस्ट दास?" ही कोण आहे?

मी हसत होते, पप्पा. तुम्ही काय सांगता ते मला ऐकायचं होतं.

तुम्ही त्याला म्हणालात, "डी टॉख्टर फॉन आइनेम फ्रॉइंट."

एका मित्राची मुलगी.

तुम्ही अगदी सहज म्हणालात. मग माझ्याकडे बघून मराठीत विचारलंत, केक आणला का? मी हो म्हटलं. टॉख्टर हा शब्द आमच्या आठवीच्या पहिल्याच धड्यात होता. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कॉल संपल्यावर पुस्तक काढून बघितलं, आणि त्यात दुसरा काही अर्थ निघत नव्हता.

शाळा सुरू झाली तेव्हा सांगितलं की ज्यांना भाषा बदलायची त्यांनी या आठवड्यात बदला. मी आईला म्हटलं, मी संस्कृत घेते. मला वाटलं ती खूश होईल. ती भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला केली आणि विचारलं, "त्याच्याशी बोललीस का एकदा तरी?"

मी म्हटलं, कोणाशी?

"त्या पोराशी. मला कळत नाही असं वाटतं का तुला? आठवीत मी उगाच नाही गप्प बसले."

मी रडले. कॉलवर काय झालं ते मात्र सांगितलं नाही, अजूनही नाही. तिला तुमचा राग येईल, आणि मग ती तुमच्याशी भांडेल. ते मला नकोय. तिनेही खोदून विचारलं नाही. एवढंच म्हणाली की दुसऱ्यासाठी घेतलं असलंस तरी वर्षभर मेहनत तू केलीयस, आता तुझं तू ठरव.

अपूर्वाच्या वर्गात परत जायला मिळालं असतं. दोन दिवस मी तोच विचार केला. तिच्या शेजारची जागा आता दुसऱ्या मुलीची आहे, हेही आठवलं. शुक्रवारी शेवटचा दिवस होता. मी भाषा बदलायला वर्गाच्या बाईंकडे गेलेच नाही. जर्मनच्या तासाला जाऊन बसले. मला ती भाषा आता खरंच आवडायला लागलीय, आणि ती कोणामुळे सोडावी असं वाटलं नाही.

तुमची काही अडचण असेल. लहान मुलाला सगळं कसं सांगायचं, हे मला माहीत नाही. मी त्याच्यावर रागावलेली नाही. तुमच्यावर आहे का, तेही नक्की सांगता येत नाही. पण यापुढे योनास फोनसमोर आला तर मी त्याच्याशी बोलणार. त्याने परत विचारलं, तर मी कोण आहे ते त्याला खरं सांगणार. त्याआधी तुम्ही सांगितलंत तर बरं होईल. त्याला ते तुमच्याकडून कळायला हवं.

तब्येतीला जपा. फोन नको, पत्राचं उत्तर पत्रानेच द्या. मराठीत लिहा नाहीतर जर्मनमध्ये, मला दोन्ही कळतं.

तुमची,
श्रुतिका