कॅम्पातल्या दोस्तास

बीडीडी चाळ, वरळी
८ एप्रिल १९५६

रामू यास भिवाचा जय भीम.

तू बरा असशीलच. रखमावहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गणपत काल तुझा निरोप घेऊन आला. संयुक्त महाराष्ट्रासाठी पुन्हा सत्याग्रहाची तुकडी निघतेय आणि तिच्यात भिवाचा आवाज हवाच, असं तू म्हणालास म्हणे. त्याचं उत्तर गणपतच्या तोंडी पाठवण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

कॅम्पाची आठवण मलाही येते. तुरुंग भरले म्हणून सरकारनं आपल्याला तंबूंत कोंबलं, आणि तंबूंत खरं राज्य ढेकणांचं. भातात खडे, आमटीत नुसतं पाणी. आमटी आली की तू उभा राहून गाऱ्हाणं घालायचास, "बा देवा म्हाराजा, ह्या पाण्यात डाळीचो एक तरी दाणो दाखव!" सगळा तंबू ओरडायचा, "होय म्हाराजा!" शिपाईसुद्धा हसायचे. मला ताप आला तेव्हा तू आपला उष्टा चहा मला पाजलास. सकाळी "जय भीम, भिवा, ऊठ" म्हणून हलवायचास. खरं सांगतो, इतकं सुख मी बाहेर कधी पाहिलं नव्हतं.

आमची कारभारीण राधा बरी आहे. भायखळ्याच्या बाजारात पाट्या उचलते. मी गोदीच्या फाटकाशी उभा राहतो, बोलावलं तर काम, नाहीतर घर.

गिरणीतलं काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तू निरोप पाठवलास, तर आता ऐक.

कॅम्पात राहिलो म्हणून सूत कातायच्या रिंग खात्यातून माझं नाव कापलं. तेव्हा तूच म्हणालास, "माझो मामा जॉबर आसा, माणसा तोच भरता. तुका माझ्या बाजूच्या साच्यार उभो करतंय. बघतंय कोण आडवता ता!" साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर, आमच्या माणसाला का घेत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. मागाच्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की त्याच्या भोकातून सुताचं टोक तोंडानं ओढावं लागतं, आणि तो धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. हे चालेल का, असं मी तुला दोनदा विचारलं होतं. तू हसलास.

मी पहिलं सूत ओढलं आणि पलीकडच्या साच्यावरचा दगडू ओरडला, "अरे, ह्यो म्हार!" एकेक साचा बंद पडत गेला. एवढ्या मोठ्या खात्यात माझाच श्वास मला ऐकू येत होता. तुझे जॉबर मामा, तात्या, शहाणे माणूस. त्यांनी धोटा तुझ्या हातात दिला आणि म्हणाले, "रामू, तू आणलंस ह्याका. ओढ सूत. तू ओढलंस तर कोण काय बोलाचो नाय."

तू ओढलं असतंस तर माझी भाकरी वाचली असती. तू धोट्याकडे पाहिलंस, दगडूकडे पाहिलंस, आणि म्हणालास, "माका ह्याची जात म्हायत नव्हती."

दगडूनं मला दाराबाहेर ढकललं, त्याचा मला राग नाही. तो कॅम्पात नव्हता.

तू घाबरलास म्हणून मी तुला माफ करावं, असं राधा म्हणते. नाही करणार. नुसता गप्प राहिला असतास तरी मी गिळलं असतं.

सत्याग्रहाला मी येणार. मुंबई माझीही आहे, ती तुझ्या मामाच्या मर्जीवर नाही. पण वरळीच्या तुकडीतून येईन. पुन्हा कॅम्पात पडलो आणि तू माझ्या शेजारी जेवायला बसलास, तर मी ताट घेऊन उठेन. सगळे विचारतील, काय झालं? मी मोठ्यानं सांगेन. तुला माझा आवाज हवाच आहे ना?

भिवा बुधाजी तांबे
जात महार. लक्षात ठेव.