नवसाची धार

आये, आज सकाळी तुझी नात सासरी गेली. तू तिला पाहिलं नाहीस आणि तिनं तुला पाहिलं नाही, पण चालताना डावा खांदा जरा खाली टाकून चालते, थेट तुझ्यासारखी. ती उसाच्या फडाआड दिसेनाशी होईतो मी परसदारी उभी होते, हाताला काकवीचा चिकटा तसाच. तुझे जावई तिला नारायणगावापर्यंत पोचवायला गेलेत, पुढं निमगाव सावापर्यंत तिचा दीर आहे सोबत. घरात आता कुणी नाही. चुलीवरचं मडकं निवत आलंय आणि मी हा कागद पुढ्यात घेऊन बसलेय. जुन्नरच्या कागद्यांकडचा कागद आहे, जाडाभरडा. लेकीच्या शाळेसाठी आणला होता त्यातला उरलेला. अक्षरंही मला तिनंच शिकवली. मी भाकरी थापायची आणि ही परातीतल्या पिठात बोटानं एकेक अक्षर काढून दाखवायची. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाईमाणसानं लिवायचं तरी कुणाला गं?" घे, तुलाच लिहितेय.

काकवीची दारू मी आज पहिल्यांदाच काढली. बा काढायचा तेव्हा आहुप्याच्या घरात मी ते सगळं बघतच वाढले, म्हणून हाताला सवय नसली तरी डोळ्याला होती. काकवीत पाणी घालायचं, त्यात धायटीची फुलं टाकायची, मडक्याचं तोंड फडक्यानं बांधून चुलीमागं उबेला ठेवायचं. आतून फसफस ऐकू येते. ती थांबली आणि गोडाचा कडू झाला की सडवा तयार. मग तो चुलीवर चढवायचा, वर दुसरं मडकं पालथं घालायचं, त्याच्या कुशीत वेळूची नळी बसवायची आणि सगळे सांधे चिकणमातीनं लिंपून टाकायचे. जाळ मंद. मोठा केला की सडवाच उकळून नळीत येतो आणि सगळी मेहनत मातीत. बा हे सगळं गप्पा हाणत करायचा. शेजारपाजारचे गोळा व्हायचे, कुणी हसायचं, कुणी गायचं, एकजण वाटेवर लक्ष ठेवून असायचा, कारण घरी दारू गाळणं म्हणजे सरकारचा गुन्हा. बा म्हणायचा, "सरकारची गुत्त्यात मिळती की, पर तिला आपल्या घरचा वास येत न्हाई." त्याच घरच्या वासापायी तो गेला. तो गेल्यावर तू मडकी वाळलेल्या ओढ्यात नेऊन फोडलीस आणि नळी तेवढी आढ्याला खोचून ठेवलीस. वहिनीनं चुलीत घालू का म्हणून विचारलं तर तिच्यावर केवढी खेकसलीस. मला तेव्हा वाटलं, नवऱ्याची आठवण म्हणून ठेवली असेल.

मी आले होते शिमग्यानंतर, आठवतं तुला? गुऱ्हाळं संपली होती. तुझे जावई इथं महाळुंग्यात गुळव्याच्या हाताखाली कढईवर असायचे, त्यामुळं काकवीला तोटा नव्हता. तू सांगावा धाडला होतास, येताना कळशीभर काकवी आण. मला काय आनंद झाला! म्हटलं, आयेला डोंगरावर गोडधोड कुठलं मिळतंय, नाचणीच्या भाकरीशी लावून खाईल बिचारी. पोटात तिसरं होतं. आधीची दोन्ही माहेरी झाली आणि माहेरीच गेली, एक सटवाईच्या पूजेलाही पोचलं नाही. तरी मी हट्टानं आले, वाटेत मुक्काम करत, डोक्यावर कळशी आणि एक हात पोटावर. मला तुझ्यापाशीच राहायचं होतं. सासूबाईंनी नको म्हटलं होतं, पण आये असताना मी कुणाच्या हातात बाळंत होऊ?

तू कळशी उतरवून घेतलीस, माझ्या तोंडावरून हात फिरवलास आणि त्याच दिवशी काकवी मडक्यात ओतलीस. धायटीची फुलं दिसली तशी मी तुझा हातच धरला. मी म्हटलं, "आये, हे कुणासाठी? बा तर गेला." तू म्हणालीस, "हाय कुणासाठी तरी." मी म्हटलं, भाऊ प्यायला लागला काय? तू मडक्याचं तोंड बांधत राहिलीस. मी रडले, ओरडले, नाही नाही ते बोलले. पोटुशी लेक दारात आणि हिला भट्टी लावायची पडलीय, असंही म्हटलं. तू ऐकून घेतलंस आणि शेवटी म्हणालीस, "तू आता ऱ्हाऊ नको हितं. या घराला तुझी पोरं लाभत न्हाईत. सडवा व्हईस्तोवर ऱ्हा, मंग जा सासूपाशी." माहेरच्या उंबऱ्यावर आईनंच जा म्हणायचं! त्यानंतर मी तुझ्याशी धड बोलले नाही. तू ताटात वाढायचीस, मी खायची, आणि दोघींच्या मधे ते मडकं फसफसत बसलेलं असायचं.

निघायच्या सकाळी भाऊ मला पोचवायला तयार होऊन अंगणात उभा होता. तू घरात नव्हतीस. भैरोबाच्या राईच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या घळीत धूर दिसला तिकडं मी आले. तू तीन दगडांच्या चुलीपाशी उकिडवी बसली होतीस. नळीच्या तोंडाखाली गाडगं, गाडग्याभोवती गार पाणी. नळीतून अजून काही पडत नव्हतं. मी म्हटलं, "येते गं आये." तू वर पाहिलंस. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ओली लाकडं होती, मी ते धुराच्या माथी मारलं. मी थांबले. लेक येते म्हणाली की आईनं ये म्हणायचं असतं. तेवढं एक अक्षर घेऊनच तर आपण बाया माहेराहून निघतो, नाही तर पाय उचलतो का? मी पुन्हा म्हटलं, "आये, येते." तू ओठ घट्ट मिटून घेतलेस. मान खाली घातलीस आणि मडक्यावरचं ओलं फडकं नुसतंच इकडून तिकडं केलंस. मग मी निघाले. रागानं पाय असे चालत होते की भाऊ मागं राहिला. तो म्हणत होता, "अगं हळू, पोटात लेकरू हाय." मी कसली ऐकतेय!

श्रावणात तू तापानं गेलीस. ओढे भरलेले, वाटा बंद, त्यामुळं निरोप आला तो दसऱ्यानंतर. तोवर तुझी नात माझ्या मांडीवर होती, भादव्यात झालेली, चांगली गुटगुटीत. मी तिला पाजत होते आणि वहिनी दारात आली, एकटीच. तिच्या हातात ती नळी होती. ती बसली, पाणी प्याली, आणि तू गेल्याचं सांगितलं. मी रडले नाही, आये. मी विचारलं, "शेवटी तरी माझ्याबद्दल काही बोलली का?" तेव्हा वहिनीनं ते सगळं सांगितलं.

म्हणाली, ती धार नवसाची होती. राईतल्या भैरोबाला तू बोलली होतीस, लेकीचं हे पोर जगू दे, तिच्याच घरच्या काकवीची पहिली धार तुझ्या पायाशी घालीन. देवाला गुत्त्यातली चालत नाही, आईनं आपल्या हातानंच गाळावी लागते. आणि जिच्यासाठी नवस, तिला ते कळू द्यायचं नाही, चुलीला जाळ घातल्यापासून पहिला थेंब पडून तो देवाला पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की धार तुटते, आणि नवसही तुटतो. मला हे कुठून ठाऊक असणार? बा तर गाणी म्हणत गाळायचा. वहिनी म्हणाली, "तुमी गेलात आन् थोड्या येळानं थेंब पडला. आत्याबाईंनी तो वंजळीत धरून राईत नेला, वतला, आन् तशाच पळत सुटल्या वो कड्याकडं. लई हाका मारल्या. ये गं, ये गं माझे बाय, ये! तुमी लांब गेलावता. वारं उलटं व्हतं." पुढं ती हेही म्हणाली, की दुखण्यात तू ती नळी काढायला लावलीस आणि म्हणालीस, "ही तिला दे. म्हणावं, मी मुकी न्हवते."

बाई गं, किती रडले मी तेव्हा! पोरगी घाबरून रडायला लागली तरी मला थांबता येईना. वीस-एक वर्षं झाली असतील आता, पण अजूनही शेंगा फोडताना, धुणं धुताना मधेच उलटं वारं सुटलं की मी हात थांबवते. तुझे जावई म्हणतात, काय ऐकतीस गं? काही नाही म्हणते. पण एका गोष्टीवर मी तगून राहिले. ती ही, की तू बोलली नाहीस म्हणून माझी पोर जगली. तुझं ते एक अक्षर माझ्या वाट्याला आलं नाही, ते हिच्या श्वासात गेलं. हिला गोवर आला तेव्हा, विंचू चावला तेव्हा मी घाबरले नाही. म्हटलं, हिची किंमत आधीच मोजून झालीय.

आता हिचंही पहिलं गेलं, गेल्या साली. पुन्हा दिवस राहिलेत. ती माहेरपणाला आली आणि मी काही न बोलता नळी काढली. तुझे जावई बघत राहिले. म्हणाले, "अगं, शिपाई आला तर भैरोबा राहील बाजूला, मला नेतील बेड्या घालून." मी म्हटलं, न्या म्हणावं, तेवढंच घर मोकळं होईल. पण तेच सकाळपासून पुढच्या दारात दोर वळत बसले, वाटेवर डोळा ठेवून. मी आत परसदारच्या खोलीत जाळ घातला आणि तोंड मिटलं.

थेंब यायचा होता. नळीच्या तोंडाशी ओल दिसायला लागली होती, तेवढ्यात ही आली, नवं लुगडं नेसून. वास आला तशी नाक मुरडून म्हणाली, "आई, हे काय चाललंय? बाबा प्यायला लागले की काय?" मी गप्प. "अगं, दीर खोळंबलेत. येते मी." मी गप्प. मी नळीकडं बघत होते, म्हणत होते पड रे बाबा, पड लवकर. तो पडेना. ती थांबली. "आई, येते म्हटलं ना गं." आणि मी वर पाहिलं. तिच्या तोंडावर जे होतं ना आये, ते त्या दिवशी माझ्या तोंडावर असणार. तू ते पाहिलंस! ते बघूनही तू ओठ मिटून बसू शकलीस, एवढं बळ तुझ्यात कुठून आलं गं? माझ्यात नाही आलं. मी म्हणाले, "ये. ये गं माझे बाय. लवकर ये, बाळ घेऊन ये." आणि एकदा तोंड उघडलं ते मग बंदच होईना. तुझा नवस सांगितला, घळीतला धूर सांगितला, कड्यावरच्या हाका सांगितल्या. ती माझ्याजवळ जमिनीवर बसली, नव्या लुगड्याची पर्वा न करता. आम्ही दोघी बोलत असताना गाडग्यात टप् असा आवाज झाला. मग दुसरा. मग बारीक धार लागली, पाण्यासारखी स्वच्छ.

तुटली नाही, आये. मी एवढं बोलले तरी धार तुटली नाही. पहिली ओंजळ मी आहुप्याकडं तोंड करून परसात ओतली, लेकीनं पाया पडून घेतलं आणि ती हसत गेली. हसत गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण आता मडक्यासमोर एकटी बसून एकच हिशेब पुन्हा पुन्हा करतेय. हिच्या बाळाला काही झालं तर मी म्हणणार, माझ्या तोंडानं घात केला. आणि बाळ जगलं, जगू दे रे देवा, तर मग तू त्या दिवशी ये म्हणाली असतीस तरी चाललं असतं. दोन्हीकडून मलाच रडायचंय. पण खरं सांगते, दुसरं रडणं आलं तर मी ते आनंदानं रडेन.

आपल्याकडं गेलेल्या माणसाला काही पोचवायचं तर राईत नेऊन झाडाच्या बुडाशी पुरायचं, एवढं मला माहीत आहे. कुणी वर आहुप्याला जाणारा भेटला तर हा कागदही पोचेल. पण मी तो देणार नाही. तू तिथं जी कुठं असशील, तुला वाटत असेल की आपण गप्प राहिलो म्हणून नात जगली. ते तसंच वाटत राहू दे. बोलल्यानं धार तुटत नाही, हे तुला माझ्याकडून कळायला नको. म्हणून हा कागद माझ्यापाशीच राहील, पीठ ठेवायच्या डब्याखाली.

एवढंच सांगायचं राहिलं, की लेक दिसेनाशी झाल्यावर मी आत आले, तुझी नळी धुऊन पुसून पुन्हा आढ्याला खोचली आणि तिच्याकडं बघून म्हटलं, "येते गं आये." या वयात, स्वतःच्या घरात, कुठं जायचं नव्हतं तरी. आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले.