पंतांनी न वाचलेली कादंबरी

९ सप्टेंबर १९५८, अलिबाग
पावसात बंद असलेली मुंबईची लाँच पुन्हा सुरू. रेवसहून पार्सल आलं, चार महिन्यांची नवी पुस्तकं एकदम. मालकांची, म्हणजे नानांची, नवी टूम: दुकानातल्या प्रत्येकानं नव्यातलं आपल्या पसंतीचं निवडायचं, का वाचावं ते कार्डावर दोन ओळींत लिहून दर्शनी कपाटात लावायचं. मी हिमालयातल्या भटकंतीचं आणि आकाशात सोडलेल्या कृत्रिम चंद्राचं घेतलं. नानांनी रहस्यकथा. दुकानातले सगळ्यात जुने पंत, त्यांनी एक कादंबरी. त्यांनी तोंडी सांगितलं, मी लिहिलं: "घरगुती, हलकीफुलकी. थकल्या जिवाला विसावा." अक्षर माझं बरं म्हणून.

१३ सप्टें.
कार्डं चालली! मिठागरावरचा एक जण बाहेर उभा राहून, एकेक अक्षर जुळवत सगळी कार्डं वाचून मग आत आला. "बाय, मोटारचा यंत्र समजंल असा काय हाय का?" तसलं कार्ड नव्हतं. पंत उठले, मागच्या फळीवरून बरोब्बर काढून दिलं. तीस वर्षांचा हात.
किहीमचे मास्तर पंतांची कादंबरी घेऊन गेले. बायकोला पाचवा महिना. "तिचं मन रमेल असं हवंय."

२० सप्टें.
वाईट दिवस. मास्तर आले. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "पंत, त्यात तान्हं मूल जातं. आमचं पहिलं गेल्या वर्षी श्रावणात गेलं, तुम्हाला माहीत होतं." पुस्तक परत आणलं नव्हतं. ती हातातून सोडत नाही म्हणाले.
ते गेल्यावर पंत आपलं कार्ड काढायला उठले. काढलं ते माझं. हिमालयाचं. खिशात घालून जागेवर जाऊन बसले.

२१ सप्टें., रविवार
दुसरी प्रत घरी आणून वाचून काढली. एकशे बाराव्या पानावर… आई म्हणाली, "काय गं, डोळे का पुसतेस?"

२२ सप्टें.
विचारलं. "पंत, तुम्ही वाचली होती का?"
ते फडकं फिरवत राहिले. मग म्हणाले, "पावसाच्या आधीपासून अक्षर लागत नाही, इंदू. मुंग्यांची रांग दिसते नुसती."
पुठ्ठ्यावरचा मजकूर नानांकडून वाचून घेतला होता, चष्मा विसरलो म्हणून. तेवढ्यावर कार्ड. "वाचता येत नाही म्हटलं तर पुस्तकांच्या दुकानात मी कशाला?"
नानांना सांगू नकोस म्हणाले. मी हो म्हटलं. बरोबर केलं की चूक, ठरत नाही.

२६ सप्टें.
दुपारी एक ते तीन दुकान बंद, नाना जेवायला घरी. मागच्या खोलीत गठ्ठ्यांवर बसून पंतांना वाचून दाखवते. आज कृत्रिम चंद्र. "पण तो खाली पडत का नाही?" दोनदा तेच पान. मलाच नीट कळलं नव्हतं, आणि कार्ड मीच लिहिलेलं! मग स्वयंपाकाचं नवं पुस्तक. पंत: "ह्या बाईनं सोलकढी जन्मात केलेली नाही." खूप हसलो.
कादंबरी काढली की मात्र नको म्हणतात.

५ ऑक्टो., रविवार
पंतांना किहीमला जायचं होतं. एकट्याला बसची पाटी दिसत नाही म्हणून मी बरोबर.
मास्तरांच्या ओटीवर उभ्या उभ्याच बोलले. "मी न वाचता दिली. मला दिसत नाही, तेही लपवलं. चूक झाली."
मास्तर पाणी आणायला आत गेले. त्यांची बायको, सुमती, माझ्याहून लहान असेल. म्हणाली, "म्हणजे त्यात काय आहे ते तुम्हाला अजून माहीतच नाही?"
"इंदूनं सांगितलं."
"सांगितलं म्हणजे वाचलं नव्हे, काका. बसा."
पुस्तक आणलं आणि एकशे बारापासून वाचायला लागली. सावकाश, शाळेत उभं करून वाचायला लावतात तसं. एका ठिकाणी थांबली. मी हात पुढे केला, मी वाचते म्हणून. तिनं मान हलवली. पुढे वाचलं. मास्तर दारात तांब्या घेऊन उभे, ते शेवटपर्यंत बाहेर आले नाहीत.
पुस्तक मिटलं. "आता सांगा, हे कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही?"
पंत म्हणाले, "तुम्हाला द्यायला नको होतं."
"मला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "मग मी कदाचित घेतलंही असतं."
बसमध्ये पंतांनी माझा हात धरून ठेवला होता.

७ ऑक्टो.
पंतांनी स्वतःच नानांना सांगितलं. नाना रागावले ते डोळ्यांवरून नाही. "तीस वर्षं एकत्र बसतोय. मला सांगावंसं वाटलं नाही?" जेवायला गेलेच नाहीत. संध्याकाळी मुंबईच्या डॉक्टरला पत्र. मोतीबिंदू असेल तर निघतो म्हणे. पंत ऐकायला तयार नाहीत. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा कापण्यातच गेला.
कादंबरीचं नवं कार्ड लावलं. शब्द पंतांचे: "चांगली आहे. दुःखाची आहे. घेण्याआधी आम्हाला विचारा." नाना म्हणाले, असलं कार्ड लावून कोण घेईल? राहू दिलं मात्र.

३० ऑक्टो.
दिवाळी अंकांचे गठ्ठे. पंतांनी एक उघडला, वास घेतला, मिटून ठेवला.
"किती दिवस वाचून दाखवशील?"
"दाखवीन की."
"तेच म्हणतो, जन्मभर दाखवत बसशील," म्हणाले. "लिही त्या डॉक्टरला. येतो म्हणावं."

१८ नोव्हें.
नाना आणि पंत सकाळच्या लाँचनं गेले. दुकानात मी एकटी. तीनदा काहीतरी विचारायला मागे वळले.

३ डिसेंबर
मुंबईहून नानांचं पोस्टकार्ड आलं. एका डोळ्याचं झालं, पट्टी शुक्रवारी सोडणार. दिसेल की नाही ते तेव्हाच. डॉक्टर काही बोलत नाहीत.
दुपारी सुमती आली. पेणला माहेरी निघालेली, मास्तर बाहेर टांग्यापाशी. दमली होती, स्टुलावर बसवलं. वाचायला काहीतरी हवं म्हणाली. नवी एक कादंबरी परवाच संपवली होती, ती काढली.
"ह्यात कोणी जातं का?"
"हो. आजोबा. शेवटच्या आधीच्या प्रकरणात."
"आणि मूल?"
"मूल शाळेत जातं. गणितात नापास होतं."
हसली. पुस्तक घेतलं. दारातून मागे वळली. "काकांचं काय ते मला पेणला कळवा."
"आणि तुमचं मला," मी म्हटलं.