गादीवरचा माणूस आमचाच

तीर्थरूप दाजी यांना,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या कागदावरच). आपली प्रकृती ठणठणीत असेल आणि ताईचा पारा उतरला असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझं डोकं भणभणलंय.

आपल्या गाद्यांच्या दुकानाला लोगो हवा, असं थोरल्या लेकीच्या डोक्यात आलं. तिने आणलेल्या संगणकवाल्याने आठवडाभर दाढी खाजवून एक आडवी रेघ काढली आणि म्हणाला, "यात शांतता आहे." शांतता! रेघच हवी होती तर माझ्याकडे फूटपट्टी होती की. त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि नेहमीच्या पेंटरला बोलावलं. त्याने मात्र शटरवर असा काही माणूस काढला की येणारेजाणारे थबकायला लागले. पोट वर, तोंड उघडं, एक पाय गादीबाहेर, हनुवटीवर लाळेचा थेंब. (शेजारचा सलूनवाला वस्तरा खाली ठेवून बघत बसला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने ताटकळलं.) लोक "घोरणाऱ्याचं दुकान" विचारत यायला लागले.

हेच समोरच्या फोमवाल्याला बघवेना. परवा सकाळी बघतो तर त्याच्या पाटीवर आमचाच माणूस! तेच पोट, तोच थेंब. फक्त डोकं डावीकडचं उजवीकडे केलेलं आणि वर मिशी चिकटवलेली. मी तावातावाने रस्ता ओलांडला, तर हा निर्लज्ज म्हणतो, "काका, झोपतात तर सगळेच." अहो, झोपतात, पण थेंबासकट? वर आमच्या जुन्या गिऱ्हाईक नर्सबाई ते चित्र बघून, आमचंच दुकान समजून त्याच्याकडून गादी घेऊन गेल्या आणि कंबर धरून माझ्याशी भांडायला आल्या, की तुमचा माल पूर्वीसारखा राहिला नाही! दाजी, वडिलांनी आयुष्यभर कापूस पिंजून मिळवलेलं नाव या मिशीपायी मातीत जाणार.

म्हणून लोगोची रीतसर नोंदणी करायला कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी चित्र चष्म्यावरून न्याहाळलं आणि विचारलं, "हे गृहस्थ कोण? यांची लेखी संमती आणा." मी म्हटलं, बाई, ही पेंटरची कल्पना आहे. त्या म्हणाल्या, "इतकं वाईट कोणी मनाने काढत नाही."

बाकी सर्व ठीक. लोभ आहेच, या पत्रानंतरही असू द्यावा.

आपला मेव्हणा

ता.क. मागच्या खेपेला आपण "जरा टेकतो" म्हणून दुकानातल्या नव्या गादीवर आडवे झालात, तेव्हा पेंटर शटरचं माप घ्यायला आला होता. सोबतचा कागद वाचत बसू नये, फुलीपाशी सही करावी. थेंब काढायला सांगितलं असतं, पण गिऱ्हाईक त्यावरच येतं.

ता.ता.क. चित्रातले गृहस्थ कोण, हे सलूनवाल्याने फोमवाल्याला सांगून टाकलंय. तोही आपली संमती मागायला येणार. आला, तर आपण झोपला आहात असं ताईकडून सांगावं. खरोखर मात्र झोपू नये. तो पेंटर घेऊन येतोय.