अप्पांचं 'व्हय'

मंगळवार, संध्याकाळ

अक्कलकोट रोडच्या आमच्या कारखान्यातल्या नव्या टॉवेलला नाव हवं होतं, म्हणून कुठल्याच भाषेत नसलेले शब्द जुळवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. एकेक शब्द मोठ्याने वाचत होते. "तरमुळा." खाटेवरून अप्पा म्हणाले, "व्हय." अर्धांगवायूनंतर त्यांना एवढंच बोलता येतं. मला हसू आलं. गंमत म्हणून विचारलं, "अप्पा, भिलणू झिरकट का?" मान हलवून पुन्हा तेच, "व्हय."

काल डॉक्टरांसमोर विचारलं होतं, "अप्पा, ऑपरेशन करायचं ना?" तेव्हाही हेच व्हय, अशीच मान. त्यावरच तर मी सही केली! उद्या सकाळी न्यायचंय. आत्ता जाऊन विचारू का, "मी बोलते ते कळतं का तुमाला?"

पण ते काय म्हणणार, ठाऊक आहे मला.